बाईंचं डावीकडचं कुंकू

"त्याला काय होतंय?" दिवेआगरच्या बाई असं म्हणायच्या तेव्हा उजव्या हाताने हवेतली माशी झटकायच्या. माशी नसायची. समोर कुणाची तरी हरकत असायची.

विधवेने शिकून काय करायचं? त्याला काय होतंय. विधवेने कुंकू लावलं तर गाव काय म्हणेल? त्याला काय होतंय. यावर त्यांनी लेख लिहिले, म्हसळ्यापर्यंत सभा घेतल्या. पण बाई स्वतः विधवा, आणि कपाळ मोकळं. सभेत मागून कुणीतरी विचारायचंच, "बाई, तुमचं काय?" तेवढी एक माशी त्यांना झटकता येत नसे. घरी सासूबाई होत्या. स्वतःचं केशवपन झालेलं, पण विधवा सुनेला शिकवलं त्यांनीच. "त्यांना दुखवून नाही," बाई मला म्हणाल्या होत्या.

श्रीवर्धनला माझा फोटो स्टुडिओ होता. म्हणजे एक खोली, एक पडदा, आणि पडद्यावर मी रंगवलेला चंद्र, जो गिऱ्हाइकांना भोपळा वाटे. बाईंच्या पुस्तकासाठी फोटो हवा होता. बाई गप्प बसेनात. काही फोटोंत तोंड उघडं, एकात माशी झटकणारा हात. शेवटी एक साधला.

त्या काळी फोटोत कुंकू फिकं यायचं, म्हणून छापल्यावर आम्ही ते बारीक ब्रशने गडद करायचो. बाईमाणूस दिसलं की माझा ब्रश आपोआप कपाळावर जाई. तसा गेला. तोही जरा डावीकडे.

माझी ही कर्तबगारी मला दिसली ती थेट बाईंच्या ओसरीवर. बाई फोटोकडे बघत राहिल्या.

"पुसून आणतो," मी म्हटलं. बाईंचा हात माशी झटकायला उठला नाही.

"बघू गो." सासूबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला. मी चपला शोधू लागलो.

"वाकडं लावलंन मेल्याने. लावायचं तर नीट लावावं."

"लावू?" बाईंचा एवढा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"मला काय विचारतेस? गावभर सांगत फिरतेस ना?"

पुस्तकात तोच फोटो छापला. बाई कुंकू लावू लागल्या, तेही जरा डावीकडे. सासूबाई रोज कुरकुरायच्या. बाई म्हणायच्या, "फोटोसारखं दिसायला नको?"

बाई गेल्यावर तो फोटो त्यांच्या शाळेत लावला. नवे मास्तर खुर्चीवर उभे राहून फ्रेम कलती करून बघत होते.

"फोटोवाल्याने कुंकू वाकडं काढलंय हो," ते मला म्हणाले.

माझा हात आपोआप हवेत गेला. माशी नव्हती.