तीन अक्षरं कमी

कवितेचं मी पोस्टमॉर्टम करतो असं मुलं माझ्या पाठीमागे म्हणतात. मालवणच्या शाळेत इतकी वर्षं मराठी शिकवल्यावर ते मला मान्य आहे.

दहावीतल्या एका मुलीनं तालुक्याच्या स्पर्धेसाठी चार ओळी आणल्या. तिचा बाप रापणीवर जातो, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांत.

पाय रुतती वाळूत
दोर कमरेला आला
मागे मागे, मागे मागे
बाबा चालला

मी सवयीनं बोटांवर अक्षरं मोजली. आठ, आठ, आठ, पाच. यमक दुसऱ्या-चौथ्या ओळीत, चालण्यासारखं. शेवटच्या ओळीत मात्र तीन अक्षरं कमी. मी लाल पेनानं लिहिलं, ‘दमून बाबा चालला’.

ती हळूच म्हणाली, “सर, बाबा दमत नाही.”

“छंदासाठी लागतं,” मी म्हणालो. विषय संपला.

पहिलं बक्षीस आलं. कविता फलकावर लागली, गावभर झाली. पुढच्या रविवारी मी किनाऱ्यावर रापण बघत उभा होतो, तर तिच्या बापानं सगळ्यांदेखत हाक मारली, “सर, माका दमवलास ते तुमीच मां? हात लावा दोराक!”

लोक हसले. मीही हसलो, पण कान तापले होते. दोर धरला. उलटं चालत वर जायचं, शेवटाला पोचलं की दोर सोडायचा आणि रिकाम्या हातांनी खाली येऊन पाण्याजवळ पुन्हा धरायचा. तीन फेऱ्यांत माझा घाम निघाला. चौथ्या वेळी दोर सोडून उतरताना मनात तिची शेवटची ओळ आली आणि लक्षात आलं, ती तोकडी नव्हती. पाच अक्षरांनंतर बाबा दोर सोडून रिकाम्या हातांनी खाली चाललेला होता. तिथे शब्द घालायला जागाच नव्हती.

दोराला हात लावील त्याला वाटा मिळतो, तसे मलाही चार बांगडे मिळाले. नको म्हणायची सोय नव्हती.

सोमवारी फलकावरचं ‘दमून’ खोडायला मी पेन काढलं. ती शेजारी उभी होती. चूक माझी होती, असं मी तिला सरळ सांगितलं.

“राहू द्या सर,” ती म्हणाली. “बक्षीस त्याच कवितेला मिळालंय. माझी माझ्याकडे आहे.”