गफ्फारमास्तरचा चोर-सूर

अकोल्याच्या जुन्या शहरात अब्दुल गफ्फारचा बँड सांगायला येणारा माणूस आधी विचारतो, ‘आमद’ वाजवान ना? नवरदेव मांडवाशी पोचला की वाजते ती चाल. मास्तरनं स्वतः क्लॅरिनेटवर बांधलेली. पोलीस बँडातले वामनराव त्याला पाच रेघांवर सूर लिहायला शिकवून गेले, तेव्हापासून अकरा वादकांचे अकरा कागद तो हातानंच लिहायचा. वाद्याला चिमट्यानं अडकवलेले ते कागद घामानं विरून जात. यंदाचे विरले ते विरलेच. मास्तरचा हात थरथरायला लागला होता, अन् गुरुवारी एका लग्नाची सुपारी होती.

मास्तर आधीच संशयी. कागद चोरीला जातील म्हणून त्यानं एक युक्ती ठेवली होती. तिसऱ्या ओळीत एक सूर मुद्दाम चुकीचा लिहायचा. खरा कोणता, ते वादकांच्या फक्त कानात सांगायचं. एकदा अमरावतीच्या एका बँडनं त्याचा कागद पळवून भर वरातीत ‘आमद’ वाजवली, अन् तिसऱ्या ओळीला असे तोंडघशी पडले, की घोडीनं कान टवकारले.

मुलगी मिस्बाह अमरावतीला शाळेत कॉम्प्युटर शिकवते. रविवारी ती लॅपटॉप घेऊन आली.

“अब्बा, सूर लिहाचे सॉफ्टवेअर असतात. एकडाव टाकलं, का पाह्यजे तितकं छापा.”

“टाकलं म्हंजे कुठी टाकलं?”

“इंटरनेटवर राह्यते. कुठूनबी उघडा.”

“कुठूनबी? म्हंजे अमरावतीवालाबी उघडीन!”

तरी तिनं मास्तरचा जुना, सुकवलेला कागद पाहून चाल भरली, छापली. मास्तरनं भिंग घेऊन थेट तिसरी ओळ गाठली. तिथं खरा सूर!

“हे नाई चालत.”

“काहून?”

“नाई म्हटलं ना.”

दुसरं सॉफ्टवेअर बिननेटचं, आपल्याच लॅपटॉपात राहणारं. त्यातही खरा सूर. तिसरं अगदी साधं, ठिपके ज्वारीच्या दाण्याएवढे. त्यातही तेच. मास्तरला घाम फुटला. या मशिनींना आपलं गुपित कोनं सांगतलं?

“तिन्ही बेइमान हायेत,” तो म्हणाला.

“खोट काय ते तं सांगा!”

मास्तर सदऱ्याच्या टोकानं भिंग पुसायला लागला. त्याची बायको कुलसुमबी आतून म्हणाली, “पोरीची सोयरीक पाह्यतानी इतके नखरे नाई केले याईनं.”

शेवटी मिस्बाहनंच मान खाली घातली. “अब्बा, एक सांगू? तिसऱ्या ओळीत तुमचा एक सूर चुकला व्हता. चाल तं मले पाठ हाय, तिन्ही डाव मीनंच दुरुस्त केला. हात हालते तुमचा, ठिपका सरकला असंन म्हटलं. सांगून तुमाले काहून लाजवाचं?”

मास्तरनं भिंग खाली ठेवलं. आठ वर्षांची असल्यापासून या पोरीनं त्याच्या कागदांवर रेघा आखून दिल्या होत्या. अकरा वादकांना ठाऊक होतं. हिला नाही.

तो उठला, गल्लीत डोकावला, दाराची कडी लावली, अन् तिच्या कानात सांगितलं.

मिस्बाह खदखदून हसली. बिननेटचं सॉफ्टवेअर पुन्हा उघडून तिनं ठिपका एक घर वर सरकवला. अकरा कागद निघाले. मास्तरनं अकराही भिंगाखालून काढले.

“या लॅपटॉपले कुलूप हाय?”

“पासवर्ड हाय.”

“सांग मले.”

“नाई. तुमी इतके वर्सं मले नाई सांगतलं, आता मी नाई सांगत.”

मास्तर तिच्याकडे बारीक डोळ्यांनी पाहत राहिला.

“माह्यं नाव तं नाई ठेवलं ना त्यात? लोक पह्यले तेच टाकून पाह्यतीन.”

मिस्बाहनं मिटलेला लॅपटॉप गुपचूप पुन्हा उघडला.