चेहरा वळवून दाखव

“जरा उभी राहतेस? आणि चेहरा भिंतीकडे वळव. हां, तशीच.”

मी उभी राहिले. वळवला चेहरा.

सिव्हिल लाइन्समधला हॉल. नुकताच माहितीपट संपला होता. इंग्रज साहेबांनी आमच्या गोंड माणसांना ओळीनं उभं केलं, डोकी मोजली, नाकं मोजली, फोटो काढले, त्याचा. फोटोखाली कुणाचंही नाव नव्हतं. नुसतं ‘गोंड, पुरुष’. ‘गोंड, स्त्री’.

मी दवाखान्यात नर्स आहे. पोस्टर पाहून आपणहून गेले होते. फिल्मनंतर खुली चर्चा होती. आधी सगळ्यांनी ओळख करून दिली. मी म्हटलं, मी गोंड. तेवढंच चुकलं.

चर्चा घेणाऱ्या प्राध्यापक बाईंनी मला तसं उभं केलं आणि त्या पेन घेऊन जवळ आल्या. पेनाचं टोक माझ्या गालाजवळ धरलं. “बघा, तीच हाडं. इतक्या पिढ्यांत फरक नाही.”

लोकांनी मोबाईल काढले.

मागून कुणी म्हणालं, “केस मागे घ्या ना, कान दिसत नाही.”

माझा हात आपोआप केसांकडे गेला. त्या हाताची मला अजून घाण वाटते. तो मी खाली आणला.

“नाही,” म्हटलं. “मी बोलायला आलीय. दाखवायला नाही.”

“अगं, आम्ही तुमच्याच बाजूचे आहोत.”

“मग तुम्ही उभ्या राहा, मॅडम. मी मोजते.”

माईक माझ्यासमोरून पुढच्या खुर्चीकडे गेला. मग ते सगळे इंग्रजांनी लादलेल्या गुलामगिरीवर बोलले. बराच वेळ. मला कुणी काही विचारलं नाही. चहाच्या वेळी एक गृहस्थ म्हणाले, “तुम्ही मराठी छान बोलता.”

घरी आईला सांगितलं. आईची हयात लोकांची भांडी घासण्यात गेली.

“उभी राह्यली असती त काय झिजलं असतं? मोठे लोकं आहेत ते.”

बाईंपेक्षा आईचा राग जास्त आला.

पोस्टरवरच्या नंबरवर फिल्म बनवणाऱ्या मुलीला फोन करून मी फिल्म मागितली. रविवारी आमच्या वस्तीच्या समाजमंदिरात लावली. संपल्यावर पहिली आईच बोलली. “इतके वर्स काम केलं लोकायच्या घरी. मले कोणी नावानं नाई बोलावलं.”

शेजारचे काका उठले. “जुनं कायले उकरून राह्यली वं? उद्या शाळेत पोरायले हासतील.” ते गेले. त्यांच्या मागे अर्धी वस्ती गेली.

आठवड्यात, त्या मुलीकडून कळून, प्राध्यापक बाईंचा फोन. तुमच्या वस्तीतली पुढची चर्चा शूट करायची आहे.

“या,” म्हटलं. “कॅमेरा बाहेर ठेवा. मागे बसा. विचारलं तरच बोला.”

त्या आल्या नाहीत. न येवोत.

मला जायचंय ते उठून गेलेल्यांच्या दारात. काका शिव्या देतील, ऐकून घेईन. साहेब केव्हाच गेला. पण त्यानं आमची जी मान खाली घालून ठेवलीय, ती वर येईपर्यंत मी फिल्म लावत राहणार.