सोबतीसाठी निवडलेली सायकल

आदरणीय विमलताई यंदा साठ वर्षांच्या झाल्या. या गौरवग्रंथात त्यांच्या अध्यापनाविषयी अनेकांनी लिहिले आहे. त्या शाळेत सायकलने का जात, एवढेच मी सांगणार आहे, कारण ते मी जवळून पाहिले आहे.

आमचे गाव केनवडपासून चार किलोमीटर आत. गावात शाळा सातवीपर्यंतच. आठवीच्या वर्षी मी घरी बसले. केनवडच्या शाळेत शिकवणाऱ्या ताई आमच्याच गावात राहत आणि स्कूटरने जात. एका सकाळी त्यांनी आमच्या अंगणात स्कूटर थांबवली आणि बाबांना कारण विचारले.

"एसटी नाही. पोरीले एकटी सायकलीनं कशी धाडू?" बाबा म्हणाले.

"मी सोबत असली तर?"

"तुमच्याजवळ तर गाडी हाय."

सोमवारी ताई आपल्या मुलाची जुनी सायकल घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. महिन्याभरात आम्ही सहा जणी झालो. ताई सर्वांत मागे राहत, म्हणजे मागून येणारी गाडी त्यांना आधी कळे.

पुढच्या वर्षी वळणावर समोरून आलेल्या जीपचा धक्का लागून माझा डावा हात मोडला. ताईंनी मला दवाखान्यात नेले आणि बाबा येईपर्यंत त्या जवळून हलल्या नाहीत. गावात मात्र बोलणे सुरू झाले, की मॅडमच्या नादाने पोरीचा हात गेला. साऱ्या मुली घरी बसल्या. ताईंनी कोणाशीही वाद घातला नाही. त्या एकट्याच सायकलने जात आणि रोज संध्याकाळी घरी येऊन माझा अभ्यास घेत.

एकदा आईने विचारले, "आता तं कोणीच नाही सोबत. मंग गाडी काहून नाही काढत?"

ताई म्हणाल्या, "उद्या एखादी निघाली आन् मी गाडीवर असली, तं ती दारातूनच परत जाईन."

बाबा ओट्यावर बसून ऐकत होते. प्लास्टर निघाले आणि हात पुरता वळू लागला, तेव्हा त्यांनीच माझी सायकल पुसून बाहेर काढली. ताईंना म्हणाले, "बाकीच्या पोरी निघाल्या का हिले त्यायच्या मधात ठेवा." आठवडाभरात बाकीच्याही निघाल्या.

आज मी परिचारिका आहे. तीस किलोमीटरवरच्या दवाखान्यात स्कूटरने जाते. हे ताईंना सांगताना मला संकोच वाटला होता. त्या म्हणाल्या, "तुह्यं अंतर लांब, ड्युटी वेळेची. तू गाडीनंच जा. फक्त रस्त्यात कोणाले सोबत लागली तं थांबत जाय." तेव्हापासून माझ्या गाडीची मागची जागा सहसा रिकामी नसते.

ताईंना निरामय दीर्घायुष्य लाभो. त्यांच्या गुडघ्यांना बळ राहो, आणि त्यांनी वाटेला लावलेल्या आम्हा साऱ्या जणींचे त्यांच्या दारी येणे-जाणे राहो, हीच मनापासून प्रार्थना.