बे आठे सोळा

काका पाहुण्यांसमोर मला आकडे विचारायचे. "एकोणऐंशी म्हणजे किती गं?" मी इंग्लिश मीडियमची. सेव्हन्टी नाइन की एटी नाइन, हे डोक्यात ठरेपर्यंत काका सगळ्यांकडे बघून हसलेले असायचे. "एवढी फी भरून पाढे येत नाहीत. बाकी फाडफाड." खरं तर मी फाडफाड बोलत नव्हते. कुठल्याच भाषेत बोलत नव्हते.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहतात, अंबडला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करतात. खरेदीत त्यांना कुणी फसवू शकत नाही, असं आमच्या घरात सगळे धरून चालतात. ते स्वतः तर नक्कीच.

कॉलेज संपल्यावर मला घरबसल्या काम मिळालं. यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग्ज करायची आणि पाठवायची. कुणाशी बोलावं लागत नव्हतं, म्हणून ते मला फार आवडलं होतं. पण एकदा कंपनीने आख्ख्या यंत्राची फाइल पाठवली आणि माझा पीसी गोठला. ऑफिसातून मेसेज आला: रॅम किमान सोळा जीबी करून घ्या, सोमवारी पुन्हा बघू, नाही उघडली तर हे काम दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल. माझ्या पीसीत रॅमची चार जीबीची एकच पट्टी होती. शेजारची खाच रिकामी होती.

काम गेलं तर पुढे काय, हे काकांनी ठरवूनच ठेवलं होतं. त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला मुलगी हवी होती. "बस तिथे. चार माणसांशी बोलायला शिकशील." दिवसभर अनोळखी माणसांना नाव विचारत बसायचं. त्या खुर्चीच्या विचारानेच मला घाम फुटायचा.

पट्टी मी स्वतः आणणार होते. बाबा म्हणाले, "काकाला आणू दे. तुला तोंड उघडता येत नाही, गळ्यात काहीही मारतील."

शुक्रवारी काका पट्टी घेऊन आले ते विजयी मुद्रेनेच. दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. "आठच्या भावात सोळा आणली. त्या येड्याला कळलंच नाही."

मी लेबल वाचलं. 8GB 2Rx8.

"ही आठचीच आहे, काका."

"पुढचं वाच. टू आर इनटू एट. बे आठे सोळा! तुला पाढे कुठून येणार म्हणा." त्यांनी पट्टी उलटी केली. "दोन्ही बाजूंना चिपा आहेत, दिसतंय? आठ इकडून, आठ तिकडून."

ते दोन आणि आठ म्हणजे चिपा किती गटांत बसवल्या आहेत आणि एक चिप एका वेळी किती बिट देते, एवढंच. किती जीबी आहे ते आधीच्या 8GB मध्ये लिहून संपलेलं असतं. मी हे आदल्या दिवशीच वाचलं होतं. सांगायला तोंड उघडलं, तर "ते" आणि "म्हणजे" एवढेच दोन शब्द बाहेर आले.

पट्टी बसवली. पीसी सुरू झाला. स्क्रीनवर एकूण मेमरी बारा जीबी.

"बघा," मी म्हणाले. "चार आणि आठ, बारा."

"अगं, विंडोज खाते काही. पगारातून पीएफ कापतात की नाही? तसं."

बाबा हसले. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "एवढं आणून देतात तर कौतुक नाही." मी बदलून आणते म्हणाले, तर काका खरोखर भडकले. "दुकानात पाऊल टाकायचं नाही. लेबल बघितलं की त्याची ट्यूब पेटेल. लय शहाणी झालीस तू."

शनिवारी काका कामावर गेल्यावर मी पट्टी काढली, आली होती त्याच डबीत ठेवली आणि एमजी रोडला त्या दुकानात गेले.

"उघडलेला माल परत होत नाही, ताई," दुकानदार मोबाइलमधून वर न बघता म्हणाला.

मी गेले नाही. काउंटरपाशी उभी राहिले. दोन गिऱ्हाइकं आली, गेली. मला बोलता येत नसलं तरी उभं राहता उत्तम येतं.

"काय पाहिजे पण?" तो शेवटी वैतागून म्हणाला.

"काल माझ्या काकांनी नेलेली ही पट्टी आठची आहे. सोळाची द्या. वरचे पैसे देते."

"आठचीच आहे! तुमच्या काकांनी दोनदा विचारलं, आठचाच भाव ना, आठचाच भाव ना. म्हटलं, हो बाबा, आठचाच. मग निघाले ते असे, जसं मागे कुणी लागलंय."

त्याने कुरकुरत पट्टी बदलून दिली. नव्या लेबलवर लिहिलं होतं 16GB 2Rx8. काकांच्या हिशेबाने ही कितीची, असा विचार करत मी रिक्षात बसले.

सोमवारी फाइल उघडली. हळूहळू उघडली, पण एकेक बोल्ट दिसेपर्यंत उघडली. दुपारी ऑफिसातून पुढचं काम आलं. रिसेप्शनची खुर्ची दुसऱ्या मुलीला मिळाली असेल. तिला शुभेच्छा.

संध्याकाळी काका वर आले. स्क्रीनवर वीसचा आकडा बघून खुर्चीत मागे रेलले. "चार आणि सोळा, वीस. म्हटलं नव्हतं? सेट व्हायला वेळ लागतो. आणि ही बया निघाली होती बदलायला."

"तुलाच घाई फार," बाबा मला म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं आणि माउस हलवत राहिले.

पुढच्या रविवारी काकांनी स्वतःच्या पीसीसाठी तशाच दोन पट्ट्या आणायचं ठरवलं. त्या येड्याला अजून कळलेलं नाही, तोवर आणून टाकू, म्हणाले. जाताना दारातून मला विचारलं, "लेबलवर तेच बघायचं ना गं?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि त्या दिवशी ते माझ्या तोंडात अगदी तयार होतं.

"हो काका," मी म्हणाले. "बे आठे सोळा."

"शिकली एकदाची!" काका बाबांना म्हणाले, आणि स्कूटरची किल्ली फिरवत जिना उतरले.