नकारांच्या दुभाषी

वसुधाताई गेल्याचं मला व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर कळलं, आणि तेही ज्या ग्रुपमध्ये त्या नव्हत्या त्याच ग्रुपवर. जुरोंग ईस्ट स्टेशनात मेट्रो बदलत होतो. जिन्याच्या तोंडाशीच थांबलो... मागून येणाऱ्यांनी निमूट वळसा घातला. स्क्रीनवर हात जोडल्याची चित्रं येऊ लागली होती. मीही एक पाठवून दिलं. कुणाला, कोण जाणे.

ताई मूळच्या पुण्याच्या. सिंगापूरला एका जपानी कंपनीत उभा जन्म दुभाषी म्हणून काढला. "माझं काम एकच," त्या म्हणायच्या, "समोरचा नाही म्हणतोय, हे तो 'नाही' न म्हणता कसं सांगतोय ते ओळखायचं." शनिवारी त्यांच्या बिशानच्या फ्लॅटमध्ये आम्हा मराठी मंडळींची बैठक जमायची आणि कांदेपोह्यांबरोबर जपानी नकारांचे प्रयोग व्हायचे. मान किंचित कलती, दातांच्या फटीतून आत ओढलेली हवा, आणि मग 'चोत्तो...' म्हणजे 'जरा...' पुढे काही नाही. त्या 'जरा'वर करार फिसकटलेला असायचा. 'विचार करून ठेवतो' म्हणजे विचार झालेला आहे. आणि जवळचा माणूस एकाएकी फार अदबीने बोलू लागला की समजावं, दार लागलं. मी लगेच उठून साग्रसंगीत नक्कल करायचो. ताई चहा ढवळत म्हणायच्या, "नटवर्य, इतक्या घामात जपानी माणूस हो म्हणतो." घर हसायचं... माझ्या नकलेला नव्हे, त्यांच्या वाक्याला.

खरी गोम इथेच आहे. टाळी घेतल्याशिवाय मला जेवण जात नाही, आणि ताईंसमोर माझे विनोद पडायचे. निवृत्तीनंतर त्यांचे किस्से लांबले, तेच तेच येऊ लागले. एका मित्राने कॉन्डो घेतला, खाली पोहण्याचा तलाव वगैरे. ते निमित्त साधून मी बैठक तिकडे हलवली. नवा ग्रुपही मीच केला. ताईंना कुणी काढलं नाही, फक्त घेतलं नाही.

त्यांचा फोन आला. "काय रे, शनिवारचं काय?"

"बघू ना ताई. सध्या सगळ्यांचंच जरा..."

"मग पुढच्या?"

"जमवू की. मी कळवतोच. आपण तब्येतीला जपा."

मग त्या म्हणाल्या, "बरं." त्या बाईच्या तोंडून एवढं छोटं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. गोड नकार उलगडून साहेबांच्या हातात ठेवण्यात जिची हयात गेली, तिलाच मी गोड नकार द्यायला निघालो होतो, आणि वर वाटत होतं, छान निभावलं. त्यांचा फोन पुन्हा आला नाही. मीही कळवलं नाही.

मंडाईच्या दहनगृहात मात्र आम्ही झाडून सगळे हजर. ताईंनीच कधीतरी सांगितलं होतं, की जुन्या जपानी खेड्यात एखाद्या घराला वाळीत टाकलं तरी दोन प्रसंगी गाव मदतीला जातं : आग लागली तर, आणि मयत झालं तर. आम्ही अगदी रीतसर गेलो होतो.

गेल्या शनिवारी त्यांच्या मुलीला, ईराला, भेटायला बिशानला गेलो. ती इथेच वाढलेली, मराठी समजते, बोलते आपल्या सिंगापुरी पद्धतीने. "अंकल, सिट लाह," म्हणत तिने दारामागून घडीच्या प्लास्टिकच्या स्टुलांची चळत ओढली. लिटिल इंडियातल्या चोवीस तास उघड्या दुकानातून आम्हीच कधीतरी आणलेली स्टुलं. वर्ष-दोन वर्षं त्यांवर कुणी बसलं नसणार, पण एकावरही धूळ नव्हती.

"आई एव्हरी सॅटर्डे पुसायची," ईरा म्हणाली. "मी म्हटलं, नोबडी कमिंग, व्हाय वाइप? तर म्हणाली, तो नटवर्य कळवून कुठे येतो, असाच येऊन उभा राहील."

तिने एक स्टूल उघडून माझ्यापुढे ठेवलं. त्यावर बसायला मला बराच वेळ लागला.