अठरा डबे आणि एक गेलेली पाळी

वडगावकर मॅडमची आणि माझी पहिली भेट करोल बागेत झाली, त्यांच्या गाडीच्या फुटलेल्या काचेपाशी. मी तेव्हा गाड्यांना काचा बसवत होतो. दुपारचे तीन वाजलेले, पोटात काही नाही. मी मराठीत पुटपुटलो, "या बाई जाणार कधी, आणि मी जेवणार कधी." त्या मराठीतच म्हणाल्या, "सीलंट वाळेपर्यंत मी आहे इथेच. तुम्ही जेवून या." परत आलो तर त्या वाकून माझी सीलंटची रेघ बघत होत्या. म्हणाल्या, "अशा हाताचा माणूस मला प्रयोगशाळेत हवाय."

माझी शाळा आठवीत सुटली. वसमतहून निघालो तो नोएडा, गुरुग्राम, करोल बाग, कुठेच वर्षभर टिकलो नाही. मॅडमकडे सहावं वर्ष चालू आहे.

त्यांचं सगळं आयुष्य डोळ्यांना न दिसणारे कण पकडण्यात गेलं. विद्यार्थिनी असताना त्या खाणीत खोल बसून कण मोजत. पुढे परदेशातल्या मोठ्या यंत्रावर वर्षानुवर्षं काम केलं. मला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "हात पुढे करा. आकाशातून आलेले कण आत्ता तुमच्या तळहातातून जातायत." मी हात झटकला. त्या खूप हसल्या. त्यानंतर एवढं हसताना मी त्यांना फारसं बघितलं नाही.

आमचं काम डब्यांचं. दोन काचांमध्ये बारीक फट ठेवायची, कडा चिकटवायच्या, आत वायू भरायचा. कण आरपार गेला की आत ठिणगी पडते आणि तो सापडतो. कड गळली, बाहेरची हवा आत शिरली, की डबा वाया. म्हणून प्रत्येक डब्याला पाण्याची वाकडी नळी जोडून दिवसभर पाण्याची पातळी वहीत लिहायची; डबा गळत असेल तर ती पातळी उतरत जाते. ते काम माझं होतं.

आता जे लिहितोय ते मॅडमच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकात नको, असं काही जण म्हणाले. मी मॅडमनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "ते गाळून माझ्याबद्दल काय लिहिणार तुम्ही?"

परदेशात जमिनीखाली चालणाऱ्या प्रयोगासाठी आमचे अठरा डबे जायचे होते. तिथे आपले डबे बसवायची प्रत्येक देशाची पाळी ठरलेली असते. मॅडम या पाळीची बारा वर्षं वाट बघत होत्या. पाणी बघून बघून मला वीट आला होता. दुपारनंतर मी गच्चीवर जाऊन फोनवर दुसरी नोकरी शोधायचो आणि खाली येऊन सकाळचाच आकडा पुढे ओढायचो. महिनाभर तेच.

खोकी बांधून झाली आणि मॅडम वही घेऊन आल्या.

"दिल्लीच्या हवेचा दाब दिवसभर वरखाली झाला, आणि तुमचं पाणी हललंच नाही?"

"पक्के डबे आहेत, मॅडम."

"पक्क्या डब्याच्या नळीतलं पाणीही बाहेरच्या दाबाबरोबर थोडं हलतं. किती दिवसांचं खोटं आहे?"

मी सांगितलं. शेजारी मल्होत्रा सर होते, मॅडमचे जुने सहकारी. ते म्हणाले, "मॅडम, भेज देते हैं. एक-आध खराब निकला तो कौन-सा आसमान गिरेगा?"

"कौन-सा खराब है, बता दीजिए. बाकी भेज देती हूँ."

मॅडम एका खोक्यावर बसल्या. "दमले हो मी," एवढंच म्हणाल्या. मग उठून स्वतः पहिलं खोकं उघडलं.

परत तपासायला सात आठवडे लागले. दोन डबे गळके निघाले, सोळा चांगले होते. तोवर पाळी दुसऱ्या देशाला गेली. मॅडमनी तिकडे पत्र लिहिलं: "आमच्या नोंदी भरवशाच्या नव्हत्या, जबाबदारी माझी." माझं नाव कुठेच नव्हतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "एका माणसाला दिवसभर एकट्याने पाण्यापुढे बसवलं मी. ती व्यवस्था माझी. तुमच्यावर कसं ढकलू?" तेव्हापासून नोंदी घ्यायला मॅडम आणि मी दोघं असतो, आणि पीएचडीची मुलंही आळीपाळीने बसतात.

त्याच वर्षी त्यांनी मला दहावीला बसवलं. रोज दुपारी जेवणाचा डबा खाताना गणित शिकवलं. गणितात पास झालो, इंग्रजीत उडालो. "परत बसा," म्हणाल्या. बघू.

मॅडमना यंदा साठ वर्षं पूर्ण होतायत. केस पांढरे झाले, जिना चढताना मध्ये थांबतात. "लिफ्टने चला ना," म्हटलं तर "ती बंद पडली की काय करायचं, सवय असू दे," म्हणतात. पुढची पाळी कधी, कुणी धड सांगत नाही. कदाचित त्या निवृत्त झाल्यावर येईल. गुरुग्रामहून मला दोनदा बोलावणं आलं. गेलो नाही.

एक पाळी माझ्यामुळे गेली. दुसरी येईल तेव्हा मॅडमनी स्वतः तिथे जमिनीखाली उतरावं, आपल्या डब्यात पहिला कण आलेला आपल्या डोळ्यांनी बघावा. तोवर त्यांचे गुडघे धड राहोत, नजर शाबूत राहो, आणि पाळीला जितकी वर्षं लागतील त्याहून जास्त वर्षं त्यांना मिळोत.